चिंतेवरची गोळी: घ्यावी की नको?

छातीत धडधड, डोळ्याला डोळा लागत नाही, सतत काहीतरी वाईट घडेल ही धास्ती. डॉक्टर एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन लिहून देतात आणि घरात प्रश्न उभा राहतो: नैराश्याची गोळी चिंतेला कशाला? सवय लागली तर?

या गोळ्या मेंदूतल्या सिरोटोनिन या रसायनावर काम करतात आणि चिंताविकारातही उपयोगी पडतात. झोपेच्या गोळीसारखी त्यांची चटक लागत नाही. मात्र गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, बेचैनी होऊ शकते. कामेच्छाही कमी होऊ शकते. पंचविशीच्या आतल्या रुग्णाकडे घरच्यांनी विशेष लक्ष द्यावं. जीव देण्याचे विचार आले, तर लगेच डॉक्टरांना गाठावं.

चिंता सौम्य असेल, तर आधी समुपदेशन आणि विचार-वर्तन उपचार करून पाहता येतात. काम, झोप, जेवण बिघडलं असेल, तर औषधाचा विचार जरूर करा. थायरॉइडमुळेही असा त्रास होऊ शकतो; ते तपासायला हवं का, हे डॉक्टरांना विचारा. गरोदरपण आणि चालू औषधं डॉक्टरांना सांगा.

बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करू नका. त्याने चक्कर, अस्वस्थता येऊ शकते. बरं वाटल्यावरही गोळी साधारण ६ महिने किंवा अधिक काळ चालते, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात.

बोलायला कुणी नसेल, तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक आहे १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे कमकुवतपणा नाही. निर्णय तुमचा, पण तो भीतीपोटी नको, माहितीच्या आधारे घ्या.