दगडात पेरलेले बीज



मठातील कोणत्याही मंगलकार्याचा आरंभ कलशपूजनाने होतो. तांदळाच्या राशीवर तांब्याचा कलश, त्यात जल, मुखाशी आंब्याचा डहाळा आणि वर नारळ, एवढेच त्या पूजेचे साहित्य. नवरात्रात याच घटाखाली मातीत धान्य पेरले जाते व नऊ दिवसांत त्याला कोवळे अंकुर फुटतात. बीज, जल, पल्लव आणि फळ या चार वस्तूंत सृष्टीचा सारा क्रम आला. घरोघरच्या देव्हाऱ्यात जो क्रम प्रतिवर्षी मातीत रुजतो, तोच ग्वाल्हेरच्या परिसरातील शिल्पकारांनी दोन सहस्र वर्षांहून अधिक काळ दगडात पेरला आहे. त्या पेरणीचा विचार आजच्या पुण्यपर्वावर करणे उचित होईल.

छांदोग्य उपनिषदातील उद्दालक आणि श्वेतकेतू यांचा संवाद भाविकांच्या परिचयाचा आहे. पिता पुत्रास वडाचे फळ आणावयास सांगतो, ते फोडावयास सांगतो, आतील अणुएवढे बीजही फोडावयास सांगतो. आता काय दिसते, असे विचारता पुत्र म्हणतो की काहीच दिसत नाही. जे दिसत नाही त्याच सूक्ष्म तत्त्वातून हा विशाल वटवृक्ष उभा आहे, हा त्यावरील पित्याचा उपदेश. तत्त्वज्ञ जे शब्दांनी सांगतो ते शिल्पकाराला छिन्नीने सांगावे लागते. आणि न दिसणारी वस्तू छिन्नीला कोरता येत नाही. म्हणून त्याने बीजाची पूर्णता वृक्षाच्या, फळाच्या आणि घटाच्या रूपाने दाखविली.

याचे अतिप्राचीन उदाहरण विदिशेजवळील बेसनगरचे. हा भूभाग पुढे ग्वाल्हेर संस्थानात होता. तेथे कनिंगहॅम यांना एका स्तंभाचा शिरोभाग मिळाला. साडेपाच फुटांहून अधिक उंचीचा हा शिरोभाग म्हणजे अखंड दगडात कोरलेला वटवृक्ष होय. बुंध्याभोवती कठडा आहे, वर पानांचा दाट घुमट आहे आणि खाली उतरलेल्या पारंब्यांच्या मध्ये नाण्यांनी ओसंडणारी पात्रे व पिशव्या, शंख आणि कमळ आहे. हा कल्पवृक्ष इसवी सनापूर्वीच्या शतकांतील मानला जातो व आज तो कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. देणारा देव येथे मनुष्याकृतीत दिसत नाही. झाडच दाता झाले आहे. आणि ते झाड वडाचेच आहे, ज्याचे बीज फोडून श्वेतकेतूला काहीच दिसले नव्हते!

ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या गुजरी महालात जो भाविक जाईल, त्यास पवाया येथील ताडवृक्षाचा शिरोभाग पाहावयास मिळेल. पवाया म्हणजे भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’तील पद्मावती नगरी. पंख्यासारखी पसरलेली ताडाची पाने शिल्पकाराने अशा नेमकेपणाने कोरली आहेत की पानांच्या घड्या जणू बोटांनी मोजाव्या. ताड हे संकर्षणाचे, म्हणजे बलरामाचे चिन्ह. तेव्हा हा स्तंभ त्याच्या मंदिरापुढील तालध्वज असावा असे विद्वानांचे मत आहे. पवायाचे उत्खनन ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी केले. गुजरी महालातील संग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले, त्यातही या मराठी विद्वानाचे परिश्रम मोठे आहेत.

बेसनगरचा गरुडस्तंभही येथे आठवतो. तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा राजदूत हेलिओडोरस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस वासुदेवाच्या भक्तीने तो उभारला. स्तंभाच्या अंगावर अर्धकमळांचा पट्टा व फुलांच्या माळा आहेत, माथ्यावर उलट्या कमळाची घंटाकृती आहे. लोक त्यास खामबाबा म्हणून पूजीत. १८७७ मध्ये कनिंगहॅम यांनी तो पाहिला, परंतु भाविकांनी शतकानुशतके लावलेल्या शेंदराच्या जाड थराखाली लेख झाकला गेला होता. सुमारे बत्तीस वर्षांनी, १९०९ मध्ये, संस्थानचे अभियंते लेक यांनी थर काढविला तेव्हा ब्राह्मी अक्षरे प्रकट झाली, आणि एक परदेशीय पुरुष स्वतःला भागवत म्हणवीत होता हे जगास कळले. पुढे देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी १९१३ ते १९१५ या काळात व म. द. खरे यांनी १९६३ ते १९६५ या काळात केलेल्या उत्खननांतून तेथील प्राचीन मंदिराचा पाया उजेडात आला. गरुडस्तंभ एकटा नव्हता, त्याच्या सोबतीला आणखी स्तंभ होते, हेही सिद्ध झाले.

शेंदूर लावणाऱ्यांची श्रद्धा खोटी नव्हती. परंतु त्या श्रद्धेने एका भक्ताचेच शब्द शतकानुशतके झाकून ठेवले, हेही तितकेच खरे.

पुढील काळात मंदिरे उभी राहिली आणि वनस्पतींची रूपे त्यांच्या अंगोपांगांत मुरली. मंदिराच्या स्तंभांवर पूर्णघट येतो. काठावरून दोन्ही बाजूंना पाने ओसंडतात व घटाच्या चौकोनी कोपऱ्यांचा वेलपत्तीने गोलाव्याशी मेळ बसतो. नवरात्रातील घट तो हाच. शिखराच्या माथ्यावर खाचांचे वर्तुळाकार चक्र असते, त्यास आमलक म्हणतात. आवळ्याच्या अंगावरील फाका ज्याने पाहिल्या आहेत त्यास हे नाव समजावून सांगावे लागत नाही. किल्ल्यावरील सास-बहू मंदिर महिपाल राजाने १०९३ मध्ये पूर्ण केले. त्याच्या शिलालेखात देवाचे नाव पद्मनाथ असे आहे. कमळाच्या मधल्या बीजकोशास कर्णिका म्हणतात, आणि देवतेचे आसन तेथेच कल्पिले आहे. म्हणजे देव फुलाच्या शोभेवर बसलेला नाही, बीजांच्या राशीवर बसलेला आहे.

याहून स्पष्ट साक्ष बीजपूरकाची. म्हाळुंगाचे हे संस्कृत नाव. ‘बीजांनी भरलेले’ हाच त्याचा अर्थ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या हातातील फळ म्हणजे हेच म्हाळुंग, आणि कुबेराच्या व गणेशाच्या कित्येक मूर्तींच्या हातीही ते दिसते. मूर्तीपुढे हात जोडताना ते फळ कोणते, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. ज्या फळात पुढील असंख्य वृक्ष साठविले आहेत, ते देवी हाती धरून उभी आहे, एवढे ध्यानी आले तरी दर्शन अधिक सखोल होईल.

ग्यारसपूरची शालभंजिका गुजरी महालाचे भूषण आहे. वृक्षाची डहाळी धरणारी स्त्री म्हणजे शालभंजिका. सुंदर स्त्रीच्या पदस्पर्शाने अशोक फुलतो हा संस्कृत कवींचा संकेत तिच्यामागे आहे. दहाव्या-अकराव्या शतकातील या मूर्तीचे हात भंगले आहेत. जी डहाळी तिने धरली असेल, ती आज नाही. तरीही देहाच्या कमनीय वळणावरून आणि ओठांवरील मंद हास्यावरून जवळपास झाड असावे असा भास होतो.

मानसिंह तोमर याने (राज्यकाल १४८६ ते १५१६) बांधलेल्या मानमंदिरात हीच परंपरा रंगाने प्रकट झाली. वाळूदगडाच्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत फरश्यांत हंस, हत्ती आणि केळीची झाडे बसविलेली आहेत. १५२८ मध्ये बाबर येथे आला तेव्हा हिरव्या फरश्यांतील या केळींची नोंद त्याने आपल्या आत्मचरित्रात आवर्जून केली. मराठी घरांत सत्यनारायणाच्या चौरंगाला जे केळीचे खांब बांधले जातात ते दुसऱ्या दिवशी कोमेजतात; मानसिंहाच्या केळी पाचशे वर्षे हिरव्या राहिल्या आहेत.

वनस्पतीपासून शिल्प घेण्याची ही वृत्ती केवळ प्राचीन नव्हे आणि केवळ भारतीयही नव्हे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात चिनी मातीची एक जुनी खाण बुजत चालली होती. तेथे ईडन प्रोजेक्ट नावाचे विशाल उद्यान उभे राहिले, आणि पीटर रँडल-पेज या शिल्पकाराने २००७ मध्ये त्यात ग्रॅनाइटचे एक बीज स्थापिले. त्याचे वजन सुमारे ७० टन असून पृष्ठभागावर सुमारे १८०० उंचवटे आहेत. सूर्यफुलातील बिया ज्या सर्पिल रेषांत बसतात, त्याच क्रमाने हे उंचवटे मांडले आहेत. त्या रेषांची संख्या बहुधा २१, ३४, ५५ अशी येते. मागील दोन अंकांच्या बेरजेने पुढील अंक देणारी ही मालिका बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी छंदःशास्त्राच्या विचारात सांगितली होती. उपनिषदातील ऋषी, जैन आचार्य आणि आजचा इंग्रज शिल्पकार हे तिघेही लहानातून मोठे कसे उमलते याच एका कौतुकापाशी येऊन थांबतात.

येथवर शोभेचा विचार झाला. आता कर्तव्याचा करावयाचा. जे बीज दगडात कोरलेले आहे, त्याचा मोठा वैरी जिवंत बीजच आहे, ही विलक्षण गोष्ट होय. पक्षी वडा-पिंपळाची फळे खातात, त्यांच्या विष्ठेतून बी शिखराच्या सांध्यात पडते, पावसाळ्यात अंकुरते आणि मूळ दोन दगडांच्या फटीत शिरते. पिंपळ पवित्र म्हणून कोणी हात लावीत नाही. काही वर्षांत मूळ जाड होते, सांधा उकलतो आणि आमलक खाली येतो. मुरैना जिल्ह्यातील बटेश्वर येथील पडलेली मंदिरे पुरातत्त्व खात्याने २००५ पासून दगडास दगड जुळवून पुन्हा उभी केली. त्यासाठी किती सायास पडले, हे पाहिले म्हणजे एका वेळीच न काढलेल्या रोपाची किंमत कळते.

म्हणून अंकुर बोटभर असतानाच मुळासह काढावा व मोकळ्या जमिनीत लावावा. यात पिंपळाचा अनादर नाही, त्याला योग्य स्थान देणे आहे. मूळ जाड झाले असल्यास ते ओढू नये, जाणकारांस बोलवावे. संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खात्यास कळवावे. कोरीव कामावर तैलरंग अथवा चुना चढवू नये. खामबाबाचा दाखला पुरेसा आहे. आणि मठाच्या आवारात वड, आवळा, म्हाळुंग, केळ व एका कुंडात कमळ लावावे, म्हणजे मुलांना प्रथम झाड दिसेल आणि मग मंदिरात त्याचे दगडी रूप ओळखता येईल. जी पिढी आवळा ओळखीत नाही ती आमलक काय राखणार?

ईशान्य चीनमधील एका कोरड्या सरोवराच्या गाळात सापडलेले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे कमळबीज शास्त्रज्ञांनी पाण्यात ठेवले, तेव्हा त्याला अंकुर फुटला. जिवंत बीजाला धीर फार असतो. ते शतके वाट पाहते आणि संधी मिळताच पुन्हा कमळ होते. दगडात कोरलेले कमळ एकदा फुटले की पुन्हा उमलत नाही. शालभंजिकेची डहाळी परत आली नाही, येणारही नाही. जे आपोआप रुजते त्याची चिंता ईश्वर करीत असतो. जे आपोआप रुजत नाही, ते त्याने भक्तांच्या हाती सोपविले आहे. कलशावर नारळ ठेवताना प्रत्येकाने एवढे स्मरण ठेवावे.