परक्या देशातली बालवाडी

धाराशिव जिल्ह्यातली एखादी शिक्षिका परदेशातल्या बालवाडीत इंग्रजी शिकवायला निघाली, की पहिली धावपळ कागदांची. पदवी आणि प्रमाणपत्रं आधी राज्य शासनाकडून साक्षांकित करायची, मग परराष्ट्र मंत्रालयाचं ‘अपोस्टिल’, म्हणजे परदेशात मान्य होणारं प्रमाणन, घ्यायचं. भारतात ही सोय २००५ पासून आहे. अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात नसलेल्या देशांसाठी मात्र त्याऐवजी मंत्रालयाचं साक्षांकन आणि त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो.

खरी कसोटी वर्गात लागते. भूक लागली, शू लागली, आई हवी, हे तीन वर्षांचं मूल स्वतःच्याच भाषेत सांगणार. म्हणून तिथलं घर लावण्याइतकंच तिथल्या भाषेतले हे मोजके शब्द कानात बसवणं निकडीचं.

धाराशिवच्या शेजारच्या अहिल्यानगरनं याच्या उलट दिशेचा प्रवास पाहिलाय. सिंथिया फरार १८२७ मध्ये अमेरिकेतून मुंबईत आल्या. त्या मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा चालवू लागल्या आणि १८३९ पासून नगरला राहिल्या. सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडेही अध्यापनाचे धडे घेतले. १८६२ मध्ये फरारबाईंनी देह ठेवला, तोही नगरलाच. एवढी वर्षं परक्या मातीत तग धरणं, तेही मायदेशाशी तारेची सोय नसताना, ही असामान्य गोष्ट आहे.

देश न सोडताही असं स्थलांतर घडतं. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या, गुजरातीत काम करू लागल्या. पुढं बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.