65 डिग्रीची गोष्ट: घरची ब्रुइंग टाकी, नाचणी आणि कायद्याची रेघ

(एपिसोडचा लिखित मजकूर)

मालवणातून बोलतोय. आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. गेले काही महिने एक प्रश्न परत परत येतोय: "भावा, घरी बिअर बनवता येते का? यूट्यूबवर लोक स्टीलच्या टाकीत हीटर टाकून बनवतात, तसं आपल्याकडे जमेल?"

उत्तराचे दोन भाग आहेत. इंजिनिअरिंगच्या बाजूने जमेल, आणि वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. कायद्याच्या बाजूने, महाराष्ट्रात लायसन्सशिवाय नाही. आज दोन्ही बाजू बोलूया. आणि शेवटी, हे सगळं शिकून सिंधुदुर्गात बसलेल्या माणसाने त्याचं करायचं काय, तेही.

आधी बिअर म्हणजे काय ते बघू. 'ऑल-ग्रेन' म्हणजे तयार अर्काचा डबा न वापरता थेट धान्यापासून सुरुवात. धान्य बहुतेक वेळा जव, म्हणजे बार्ली. पण कच्चं जव नाही, मोड आणून वाळवलेलं. त्याला माल्ट म्हणतात. दाण्यात असतो स्टार्च, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही, त्याला साखर लागते. मग स्टार्चची साखर कोण करतं? दाणाच करतो. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, कारण त्या कोंबाला वाढायला साखर हवी असते. आपण फक्त ते काम मध्येच थांबवतो, दाणा वाळवतो, आणि नंतर गरम पाण्यात ते काम पुन्हा सुरू करतो.

यात मुख्य एन्झाइम दोन. बीटा-अमायलेजला 60 ते 65 डिग्री आवडतं, सत्तरच्या पुढे ते लवकर मरतं. अल्फा-अमायलेज 68 ते 72 ला जोरात असतं आणि ऐंशीच्या आसपास संपतं. म्हणजे 63 ला धरलं तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त, आणि बिअर हलकी, कोरडी. 69 ला धरलं तर न आंबणारी साखर जास्त उरते, आणि बिअर जाडसर, गोडसर. सहा डिग्रीत पेयाचा स्वभाव बदलतो. तासभर ते तापमान पकडून ठेवायचं, याला मॅशिंग म्हणतात. मग गाळायचं, हॉप्स घालून तासभर उकळायचं, गार करायचं, यीस्ट घालायचं. झालं. सगळी गंमत त्या एका तासात आहे, आणि म्हणूनच ही टाकी आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना वेड लावते.

आता टाकी. माझ्याकडे आहे ती 304 ग्रेडच्या स्टीलची, खाली 2000 वॅटचा हीटर, आत जाळीची टोपली, तळाशी छोटा पंप जो गरम पाणी वर आणून पुन्हा धान्यावर सोडतो. तापमान मोजायला डीएस18बी20 सेन्सर, डोकं म्हणून ईएसपी-32 बोर्ड. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. समजून घ्यायचंय ते कंट्रोल.

गीझरचा थर्मोस्टॅट कसा चालतो? 65 झाले की बंद, 63 झाले की चालू. पण हीटर बंद केला तरी त्याच्या अंगातली उष्णता पाण्यात येतच राहते, आणि तुम्ही 68 ला पोचता. पीआयडी कंट्रोल म्हणजे चांगला स्कूटरवाला. सिग्नल लाल दिसला की तो रेषेवर येऊन ब्रेक मारत नाही, आधीपासून अ‍ॅक्सिलेटर सोडत येतो. किती लांब आहोत, किती वेगाने जवळ येतोय, आणि मघापासून किती कमी पडतोय, या तीन गोष्टी बघून हीटरला किती टक्के चालवायचं ते ठरतं.

जरा आकडे घेऊ. 25 लिटर पाणी 28 डिग्रीवरून 68 वर न्यायला साधारण 4200 किलोज्यूल लागतात, म्हणजे सव्वा युनिटच्या आत. 2000 वॅटच्या हीटरला 35 मिनिटं, वरचा तोटा धरून 40. हे कागदावर. आता आपल्याकडची संध्याकाळ घ्या, जेव्हा व्होल्टेज 230 च्या जागी 180 असतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडते. 180 ला तोच हीटर 1225 वॅटचा होतो, आणि 35 मिनिटांची जवळजवळ 57 होतात. यूट्यूबवरचं टाइमटेबल इथे लागू होत नाही ते यामुळे. म्हणून वेळेवर नाही, तापमानावर चालणारा प्रोग्राम लिहायचा: 65 झाल्यावरच तासाचं घड्याळ सुरू.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी, स्टील आणि 230 व्होल्ट एकत्र आहेत. 2000 वॅट म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर, त्यामुळे 16 अँपिअरचाच सॉकेट, साधा पाच-सहा अँपिअरचा नाही. लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच, करंट चुकीच्या वाटेने गेला की तो लाइन तोडतो. अर्थिंग तपासून घ्या, कारण आपल्याकडे खाली जांभा, आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठक्क. पावसात चांगलं असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात कमजोर पडतं. तिसरी गोष्ट, हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले. तो तापतो, त्याला अ‍ॅल्युमिनियमचं हीटसिंक लागतं. आणि तो खराब होतो तेव्हा बऱ्याचदा 'चालू' स्थितीतच अडकतो. तुमचं सॉफ्टवेअर बंद म्हणतंय आणि हीटर पेटलेलाच आहे! म्हणून त्याच्या आधी हाताने तोडता येईल असा वेगळा स्विच ठेवायचा. खाऱ्या हवेत टर्मिनल गंजतात, तेही दर दोन-तीन महिन्यांनी बघायचे. वायरिंग स्वतः येत नसेल तर वायरमनला बोलवा, यात कमीपणा नाही.

आता रेघेकडे येऊ.

महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 चा आहे, जुनं नाव मुंबई दारूबंदी कायदा. त्यात 'दारू'मध्ये स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी, अल्कोहोल असलेलं प्रत्येक द्रव येतं. 'बनवणे' याची व्याख्या तर अजून रुंद आहे: नैसर्गिक असो वा कृत्रिम, ज्या कुठल्या प्रक्रियेने मादक पदार्थ तयार होतो ती. आणि कलम 65 नुसतं दारू बनवण्याला गुन्हा म्हणत नाही. दारू बनवण्याच्या हेतूने सामान किंवा भांडी बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. शिक्षा तुरुंगवासाची. घरी स्वतःपुरती वीस लिटर बिअर काढली तर चालेल, अशी सूट त्यात नाही. मायक्रोब्रुअरीला लायसन्स मिळतं. पुण्यातली डूलाली 2009 ची, देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. पण ते हॉटेल-धंद्यासाठी, तुमच्या-माझ्या पडवीसाठी नाही.

कायदा इतका कडक का, याचंही उत्तर द्यायला पाहिजे. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. असं झालं की कुठल्याही सरकारला घरगुती, विनापरवाना या शब्दांची भीती वाटणारच. पण इथे फरक समजून घ्या. बिअर नुसती आंबवलेली असते, तिच्यात चार-पाच टक्के अल्कोहोल, आणि धान्याच्या आंबवण्यातून घातक प्रमाणात मिथेनॉल बनत नाही. भट्टी लावून गाळणं हा वेगळा खेळ, त्यात आगीचाही धोका, आणि भेसळीचा धंदा तर त्याहून वेगळा. आपला कायदा या तिन्हींना जवळजवळ एकाच डोळ्याने बघतो.

इतर देशांनी काय केलं? इंग्लंडने 1963 मध्ये घरगुती बिअरचं लायसन्स काढून टाकलं. अमेरिकेत 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली: एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला 200, विकायची नाही. राज्यांना आपापला नियम करायची मुभा होती, आणि शेवटची दोन राज्यं, अलाबामा आणि मिसिसिपी, 2013 ला तयार झाली. 1978 मध्ये अमेरिकेत शंभरच्या आत ब्रुअरी उरल्या होत्या, आज हजारो आहेत. त्यातल्या सिएरा नेवाडाच्या केन ग्रॉसमनने सुरुवात घरातूनच केली होती, आणि पहिली ब्रुअरी डेअरीच्या जुन्या टाक्या जोडून उभी केली. मर्यादा घाला, विक्री बंद ठेवा, गाळण्याला हात लावू नका, पण शिकू द्या. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती नियम बदलून पूर्ण व्हावी, नियम मोडून नाही.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला नवीन नाहीये. माडाची नीरा बघा. पहाटे उतरवतात, मडक्याला आतून चुना लावतात म्हणजे ती आंबत नाही. चुना नसेल तर ऊन चढेपर्यंत तिची माडी होते. तोच रस, तेच झाड, तोच माणूस. फरक काही तासांचा आणि हवेतल्या यीस्टचा. कायद्याच्या वहीत मात्र त्या दोन वेगळ्या वस्तू. टाकीतलं गोड पाणीही तसंच आहे. यीस्ट पडायच्या आधी ते माल्टचं सरबत, पडल्यानंतर दारू. आणि मालवणात ते झाकून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी स्वतःहून बुडबुडे यायला लागतात. म्हणून माझ्या टाकीतून जे निघतं ते उकळून त्याच दिवशी संपतं, नाहीतर फ्रीजरमध्ये जातं.

मग माझी टाकी करते काय? नाचणी!

आपल्याकडे मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व पिढ्यान्‌पिढ्या होतंय. भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. म्हणजे माल्टिंग! युरोपातला माणूस जवाचं जे करतो ते आपली आजी नाचणीचं करत होती. फक्त पुढचं, तापमान धरण्याचं, काम घरात कुणी मोजून केलं नव्हतं. आमची आजी टाकी बघून म्हणाली, "पेजेक मशीन कित्याक व्हया?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर तुम्ही आज संध्याकाळी स्वतः बघू शकता. टाकी नको, फक्त स्वयंपाकाचं थर्मामीटर पाहिजे.

साध्या नाचणीच्या पिठाची दाट पेज शिजवा, चमचा उभा राहील अशी. ती 65 डिग्रीपर्यंत निवू द्या. आता त्यात मोड आलेल्या, पण न भाजलेल्या नाचणीचं एक चमचा पीठ घाला, ढवळा, झाकून गरम ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत पेज पातळ होते, आणि हळूहळू गोडसर लागते. साखर घातलेली नाही. ते एन्झाइमचं काम. तेच पीठ उकळत्या पेजेत घातलं तर काही होणार नाही, एन्झाइम मेलं. भाजलेलं पीठ घेतलं तरी तेच. पेज लहान बाळाला द्यायची असेल तर मात्र पातळ झाल्यावर पुन्हा एक उकळी काढून द्या. पातळ पेजेतही पीठ तेवढंच राहतं, म्हणून ती बाळाच्या पोटात जास्त जाते. पोषणाच्या अभ्यासातही ही युक्ती वापरली गेली आहे.

नाचणीची एक अडचण आहे: तिचा स्टार्च जवापेक्षा जास्त तापमानाला फुलतो. म्हणून आधी शिजवायची, मग थंड करून माल्ट घालायचं, असे दोन टप्पे. स्टार्च संपला का हे बघायला मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन. पांढऱ्या बशीत एक थेंब गाळलेलं पाणी, एक थेंब आयोडीन. निळं-काळं झालं तर स्टार्च बाकी, तपकिरीच राहिलं तर काम झालं. तो थेंब फेकून द्यायचा, परत टाकीत नाही.

दुसरा उपयोग तर अजून साधा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मोड आलेली नाचणी वाळवणार कुठे? बुरशी येते. तोच कंट्रोलर, तोच प्रोग्राम, हीटरच्या जागी पंखा आणि छोटा हीटर लावलेली पेटी, 50 डिग्री. एन्झाइम जिवंत राहतं, दाणा वाळतो. पावसाळ्यात सत्त्व विकणाऱ्या बचत गटाला हे कामाचं आहे. आपल्या इंजिनिअरिंगचा गावाला उपयोग काय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे आता एक उत्तर आहे.

बिअरच शिकायची असेल तर? वय 21 पूर्ण असेल तर लायसन्स असलेल्या मायक्रोब्रुअरीत जा आणि ब्रुअरला विचारा: मॅश किती डिग्रीला धरला? तो खूश होऊन बोलेल. पुढे हॉप्सचं विचारा, ते आपल्याकडे नाही, हिमाचलच्या लाहौलमध्ये पिकतात. मग यीस्टचं विचारा. नेहमीच्या एल यीस्टला 18 ते 22 डिग्री लागतात, आपली हवा तीसच्या आसपास. म्हणजे कोकणात बिअर करायची तर तापवण्यापेक्षा गार करण्याचा खर्च जास्त. नॉर्वेचं क्वेइक नावाचं यीस्ट मात्र 30-35 ला मजेत काम करतं. कोकणासाठी योग्य जावई! पण त्याला घरात आणायचं ते कायदा बदलल्यावर.

तोपर्यंत पेजेचा प्रयोग करून बघा, आणि किती मिनिटांत पातळ झाली ते मला व्हॉइस नोटवर सांगा. तापमानही सांगा, नुसतं "मस्त झाली" नको! पुढच्या एपिसोडमध्ये तुमचे आकडे एकत्र ठेवू.

चला, भेटूया.