थंड हवा कुणाच्या घामावर?

(रोहा येथे पेण-रोहा भागातल्या तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



बैठक सुरू व्हायच्या आधी इथं तुमची चर्चा चालली होती, ती माझ्या कानावर आली. पेणच्या पोरांनी वर्गणी काढलीय, मुन्नारला जायचं म्हणतात. चहाचे मळे, धुकं, फोटो. रोह्याची पोरं म्हणतात, एवढं लांब केरळात कशाला मरायला, आपल्याच जिल्ह्यात माथेरान आहे. आणि एका पोरीने मध्येच विचारलं, "चळवळीतल्या माणसानं थंड हवेच्या ठिकाणी जावं का? ही चैन नाही का?" सगळे हसले. मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. तेव्हा दुसरा विषय बाजूला ठेवतो आणि त्यावरच बोलतो.

आधी उत्तर देऊन टाकतो. जावं. जरूर जावं. आपल्या बापजाद्यांनी सुट्टी बघितली नाही म्हणून आपणही बघू नये, हे कुठलं तत्त्वज्ञान? पेणला गणपतीच्या कारखान्यात दिवसभर मातीत हात घालून बसणाऱ्या, धाटावच्या केमिकल कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या पोराने डोंगरावर जाऊन चार घास गार हवा खाल्ली, तर क्रांती लांबणीवर पडत नाही. याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. सार्वजनिक जागेवर माणूस म्हणून आपला हक्क आहे, हे त्यांना सांगायचं होतं. तळं सार्वजनिक, तसा रस्ता सार्वजनिक, तसा डोंगरही सार्वजनिक. तिथं जाण्यासाठी कुणाची परवानगी नको आणि शरमही नको.

पण जाताना डोळे घरी ठेवून जाऊ नका. माझं म्हणणं एवढंच आहे.

आधी तुमचं मुन्नार घेऊ. गाव मध्ये आणि चारी बाजूंनी चहाचे मळे. हिरवी शाल पांघरल्यासारखे डोंगर, असं सहलीच्या जाहिरातीत लिहितात. ही शाल कुणी विणली? इंग्रज मळेवाल्यांसाठी तामिळ मुलखातून मजूर वर नेले गेले, त्यांत दलित जातींची माणसं मोठ्या संख्येनं होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही पानं खुडतात. राहायला कंपनीच्या चाळी, त्यांना तिकडे लयम म्हणतात. नोकरी आहे तोवर छप्पर. नोकरी सुटली की छप्पर सुटलं. गावातली महारकी आणि ही मळ्यातली चाकरी, दोन्हीत मला फार फरक दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या राबायचं आणि पायाखालची जमीन दुसऱ्याची.

२०१५ च्या सप्टेंबरात याच बायका रस्त्यावर बसल्या. बोनस २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला होता. रोजची मजुरी होती २३२ रुपये. बायका हजारोंनी आल्या, मुन्नारचा रस्ता अडवला, पर्यटकांच्या गाड्या थांबल्या. त्यांनी आपल्या एकजुटीला नाव दिलं 'पेम्पिळै ओरुमै', म्हणजे बायकांची एकी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, युनियनच्या पुरुष पुढाऱ्यांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. आमच्या नावावर तुम्हीच मोठे झालात, आता आमचं आम्ही बोलू, असा त्यांचा पवित्रा होता. नऊ दिवसांत बोनस आणि सानुग्रह रक्कम मिळून २० टक्के पदरात पाडून घेतले. आपल्या संघटनांतल्या पुरुषांनी ही गोष्ट लिहून खिशात ठेवावी.

पुढे ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री मुन्नारजवळ पेट्टिमुडीला दरड कोसळली. मळ्यातल्या मजुरांच्या चाळी मातीखाली गेल्या. ७० माणसं गेली. फोटोत दिसतो तो हिरवा उतार, त्याच्या पायथ्याला कोण झोपतं, हे त्या रात्री कळलं.

तुम्ही म्हणाल, ते केरळ झालं. मग घराकडे या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी आठवा. इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकरांची वाडी. गड चढायला मुंबईची पोरं त्याच वाटेने जायची, पण वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीची माणसं अंधारात, पावसात पायी चढली. २७ मृतदेह हाती लागले. बाकीच्यांचा शोध चार दिवसांनी थांबवला आणि त्यांना बेपत्ता म्हटलं. डोंगर तोच, पाऊस तोच. एकाला त्यात धबधबा दिसतो, दुसऱ्याला रात्रभर झोप लागत नाही.

इर्शाळगडापासून माथेरान लांब नाही. पुस्तकात लिहितात, १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरान शोधून काढलं. म्हणजे त्याआधी ते हरवलं होतं! ठाकर, कातकरी, धनगर त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या फिरत होते, पण त्यांनी बघितलं ते बघणं नव्हे. साहेबाने बघितलं तेव्हा ते नकाशावर आलं. मग लुइझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, शार्लोट लेक. साहेबांना वर वाहून नेणाऱ्या एकाही भोयाच्या नावाचा पॉइंट तुम्हाला सापडणार नाही. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे वर गेली, तरी माणसाच्या पाठीवरचं ओझं काही उतरलं नाही.

माथेरानात मोटारीला बंदी. झाडं, हवा राखायची म्हणून बंदी, ती बरोबरच आहे. पण मोटार बंद केली म्हणून साहेब पायी चालायला लागला का? मोटारीच्या जागी माणूस जुंपला. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि हातरिक्षात बसायचं. पुढून एक माणूस ओढणार, मागून एक-दोघे ढकलणार. लाल मातीचा चढ. आत पर्यटक, मांडीवर बॅग, हातात मोबाईल. पर्यावरण वाचवायचं, आणि ते वाचवायचं इंधन म्हणजे गरिबाचा दम!

रिक्षावाले गप्प बसले नाहीत. आम्हाला ई-रिक्षा द्या म्हणून ते वर्षानुवर्षं भांडले, कोर्टात गेले. परवानाधारक हातरिक्षा ९४. सुप्रीम कोर्टाने १२ मे २०२२ ला प्रयोग म्हणून ई-रिक्षाला वाट दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या धावल्या. शेवटी ६ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढणं हा अमानुष प्रकार आहे, तो सहा महिन्यांत बंद करा आणि या माणसांचं पुनर्वसन करा. पैसा नाही ही सबब चालणार नाही. रिपब्लिकन पुढारी रा. सू. गवई यांचा मुलगा त्या खुर्चीत बसून हे बोलला, याचा आपल्याला आनंद आहे. पण कोर्टानेच आठवण करून दिली की १९८० साली पंजाबातल्या सायकल-रिक्षावाल्यांच्या खटल्यात हीच चिंता बोलून दाखवली होती. मधे ४५ वर्षं गेली.

आता नीट ऐका, खरा प्रश्न पुढेच आहे. आपल्यातलेच काही म्हणतात, "आम्ही रिक्षात बसलो नाही, तर त्याने खायचं काय?" हा प्रश्न जुना आहे. महारकी सोडली तर खायचं काय, मेलेलं ढोर ओढलं नाही तर खायचं काय, असंच आपल्या आजोबांना विचारत होते. बाबासाहेबांनी याचं उत्तर दोन्ही बाजूंनी दिलं. लाचारीचं काम सोडा, हे सांगितलं. आणि १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणून वेठ सुटावी, जमीन मात्र हातची जाऊ नये, यासाठी भांडले. नुसतं ओझं उतरवून भागत नाही. मोकळ्या झालेल्या हातात काहीतरी यावं लागतं.

म्हणून ई-रिक्षा आली एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. ती कुणाची, हे विचारा. ठेकेदाराची असेल, तर काल स्वतःची हातरिक्षा ओढणारा उद्या दुसऱ्याच्या गाडीवर रोजंदार होईल. घाम कमी झाला, मालक नवा आला. कोर्टाच्या आदेशात हे धरलेलं आहे. ई-रिक्षा खऱ्या हातरिक्षावाल्यांनाच द्या, शासनाने विकत घेऊन त्यांना भाड्याने द्या, उरतील त्या आसपासच्या आदिवासी बायकांना आणि इतर गरजूंना द्या, असं त्यात म्हटलंय. पण कागदावरच्या ओळीला राखण लागते. आणि घोडेवाले? त्यांनाही पोट आहे, ई-रिक्षाने धंदा बसेल ही भीती आहे, म्हणून त्यांनी विरोध केला. त्यांना शत्रू समजू नका. गरिबाला गरिबाशी झुंजवून वरचा नेहमी सावलीत बसतो.

तर जा. मुन्नारला जा, माथेरानला जा. दस्तुरी नाक्यावर उतरलात की पायी चढा, तुमचे पाय धडधाकट आहेत. जिला चालवत नाही अशी आई बरोबर असेल, तर ई-रिक्षात बसवा आणि चालवणाऱ्याला विचारा: दादा, गाडी कुणाच्या नावावर? दिवसाला किती भरता? हातात किती उरतात? मळ्यात गेलात तर पानं खुडणाऱ्या बाईचा फोटो काढण्याआधी तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर मोबाईल खिशात घाला. परत आलात की जे ऐकलं ते लिहून काढा आणि पुढच्या बैठकीत वाचा. हिरवळीचं वर्णन नसलं तरी चालेल. हिशेब मात्र पाहिजे.

जय भीम.