शब्द कोणाचा, मत कोणाचं?

(पोंभुर्णा येथील युवक मेळाव्यात केलेलं भाषण)

 

मला सांगितलं, निवडणुकीवर बोला. कोणाला मत द्या, हे सांगायला मी उभा नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत, गाड्या घेऊन फिरतात. मी पुढाऱ्याच्या तोंडातल्या शब्दाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, काहून बाप्पा, शब्दानं का पोट भरते? नाही भरत. पण शब्दानं पोटावर पाय देता येतो. आणि ज्याच्या पोटावर पाय दिला त्यालाच टाळ्या वाजवायला लावता येतं. हा धंदा कसा चालतो ते समजून घेऊ.

पहिली गोष्ट, नाव. आपलं नाव कोणी ठेवायचं? गांधीजींनी आपल्याला 'हरिजन' म्हटलं. ऐकायला गोड. पण विचारलं कोणी आपल्याला? जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात हा शब्द कायद्यात घालायचं ठरलं. तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं विरोध केला. सरकार ऐकेना, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे आमदार सभागृहातून उठून गेले. एका शब्दासाठी सभात्याग! आज कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? त्यात एवढंच होतं की दया करणाऱ्यानं दिलेलं नाव घेतलं की दयाच मागत राहावी लागते. हक्क मागायचा तर माणसाला स्वतःचं नाव लागतं.

म्हणून १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, तिनं 'दलित' हा शब्द छातीवर लावला. १९७३ च्या जाहीरनाम्यात त्याचा अर्थही सांगितला. त्यात फक्त एक जात नव्हती. अनुसूचित जाती, जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे होते. म्हणजे तो माणसं जोडणारा शब्द होता. आणि २०१८ मध्ये काय झालं? नागपूर खंडपीठाच्या आदेशाचा हवाला देऊन केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना कळवलं की 'दलित' म्हणू नका, 'अनुसूचित जाती' म्हणा. कागदावर 'अनुसूचित जाती' बरोबरच आहे. सवलतीच्या अर्जावर तेच लिहावं लागतं. पण त्या शब्दात शेजारचा भूमिहीन ढिवर बसत नाही. यादी राहते, चळवळ जाते.

हेच गोंड भावांच्या बाबतीत. त्यांना 'वनवासी' म्हणणारे पुढारी तुम्ही ऐकले असतील. वनवासी म्हणजे वनात राहतो तो. आदिवासी म्हणजे आधीपासूनचा. एका शब्दात पत्ता आहे, दुसऱ्यात मालकी आहे. संविधान सभेत जयपालसिंग मुंडा 'आदिवासी' या शब्दासाठी भांडले ते उगाच नाही. जो नुसता वनात राहतो त्याला वनातून उठवता येतं. जो आधीपासूनचा आहे त्याला उठवण्याआधी विचारावं लागतं.

आता दुसरी गोष्ट. शब्दानं हो म्हणायचं आणि शब्दानंच नाही म्हणायचं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. आणि मराठवाडा पेटला. आपल्या वस्त्या जाळल्या, पोचिराम कांबळेंना मारलं. विरोध करणाऱ्यांनी शब्द कोणता वापरला? 'अस्मिता'. मराठवाड्याची अस्मिता. अरे, ज्यांच्या पिढ्या मराठवाड्याच्या मातीत राबून गेल्या ते मराठवाड्याचे नव्हते काय? एका शब्दानं त्यांना त्यांच्याच गावात परकं केलं. 'महारांना विरोध' असं म्हटलं असतं तर चार शहाणे लाजले असते. 'अस्मिता' म्हटल्यावर कोणाला लाजायची गरज उरली नाही.

पुढं सोळा वर्षं लढा चालला. आपल्या नागपुरातून जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च निघाला. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नाव आलं, पण 'मराठवाडा' तसंच ठेवून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. नामांतर नव्हे, म्हणे 'नामविस्तार'. आपण नाचलो, आणि नाचायलाच पाहिजे होतं, माणसं मेली होती त्यासाठी. पण शब्द बघा. एकाच शब्दात आपल्याला सांगितलं, दिलं. आणि त्यांना सांगितलं, तुमचं काही नेलं नाही. दुभंगलेल्या समाजात पुढारी असा दुतोंडी शब्द शोधतो. त्या शब्दानं रक्त थांबत असेल तर मी त्याला शिवी देणार नाही. पण तो ओळखता आला पाहिजे.

तिसरी गोष्ट आपल्या अंगणातली. जंगल. आपल्याकडं कित्येकांच्या शेताचा सातबारा नाही. बाप कसत होता, आजा कसत होता, पण कागदावर शब्द कोणता? 'अतिक्रमणदार'. चोरासारखा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पहिल्यांदा कबूल केलं की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. काल अतिक्रमणदार होता तो आज दावेदार झाला. शब्द बदलला तर बीटगार्डची बोलायची भाषा बदलली.

पण त्याच कायद्यात दोन शब्द आहेत. एक 'अनुसूचित जमाती', दुसरा 'इतर पारंपरिक वननिवासी'. आदिवासीनं १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा. इतरांनी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं राहणं सिद्ध करायचं. आता सांगा, आपल्या माणसाजवळ पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद कुठून येणार? शाळेत तरी घेत होते काय आपल्या आज्याला?

आणि इथं पुढारी शिरतो. गोंडांच्या टोल्यावर जातो तेव्हा म्हणतो, 'बाहेरच्यांनी तुमचं जंगल खाल्लं.' आपल्या वस्तीत येतो तेव्हा म्हणतो, 'त्यांना सारं भेटलं, तुम्हाला ठेंगा.' कुणब्यांच्या चावडीत तिसरंच बोलतो. तीन ठिकाणी तीन शब्द, आणि गाडी एकच! पंचाहत्तर वर्षांची अट बदलून घेतो असं मात्र तो एकाही ठिकाणी म्हणत नाही. त्या कायद्यात आणखी एक शब्द आहे, तो तो उच्चारतच नाही. 'ग्रामसभा'. गावातली सारी प्रौढ माणसं, गोंड, बौद्ध, ढिवर, कुणबी, बाई, बुवा, सगळी. सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभा करते. गडचिरोलीत मेंढा-लेखानं २००९ मध्ये तो हक्क मिळवला. आपल्या शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं २०१२ मध्ये मिळवला आणि बांबू ग्रामसभेनं विकला. ठेकेदाराची आणि पुढाऱ्याची झोप उडते ती ह्या शब्दानं.

शब्दाच्या खेळात माणसं कशी मरतात ते नागपूरनं पाहिलं आहे. यादीत 'गोंड गोवारी' असं लिहिलेलं. गोवारी म्हणत होते, ते आम्हीच. पुढारी वर्षानुवर्षं 'बघतो, करतो' म्हणत राहिले. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा आला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली. बायका, लेकरं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं गोवारींचं म्हणणं मानलं. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. म्हणजे ज्या आश्वासनावर मतं घेतली ते देणं आश्वासन देणाऱ्याच्या हातात नव्हतंच. ती यादी बदलते संसद. हे पुढाऱ्याला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण आश्वासन द्यायला पैसा लागत नाही, आणि यादीत घुसण्याच्या आशेवर एक गरीब दुसऱ्या गरिबाकडं वाकड्या नजरेनं बघायला लागतो. तेवढ्यावर त्याचं काम भागतं.

कायदा काय करतो म्हणाल? लोकप्रतिनिधित्व कायद्यात धर्म, जात, भाषा यांच्या नावानं मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत तशी भाषणं झाली. डॉ. रमेश प्रभूंची निवड रद्द झाली, ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्दच ठेवली, आणि बाळ ठाकरेंचा मताधिकार सहा वर्षं गेला. पण त्याच दिवशी दुसऱ्या निकालात मनोहर जोशी सुटले. पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात होईल, हे त्यांचं वाक्य कोर्टाला फार तर एक आशा वाटलं. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींनी, चार विरुद्ध तीन, कायद्याचा अर्थ रुंद केला. उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म आणि जात काढूनही मत मागता येणार नाही. बरं झालं. पण पुढारी हुशार झाला. तो आता धर्माचं नाव घेतच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'बटेंगे तो कटेंगे' आलं, 'एक हैं तो सेफ हैं' आलं. आपल्या जिल्ह्यात चिमूरलाही सभा झाली. कोण कापणार? कोणापासून सेफ? ते सांगितलंच नाही. जागा रिकामी सोडली, आणि ती ऐकणाऱ्यानं स्वतःच्या भीतीनं भरली. कोर्टाला रिकामी जागा पकडता येत नाही.

भीतीचा शब्द कुठवर नेतो? १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात रेडिओवरून तुत्सी लोकांना 'झुरळं' म्हणत होते. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, पुष्कळांना शेजाऱ्यांनीच मारलं. आपण तिथं नाही. पण ज्याला माणूस म्हणायचं थांबवलं त्याला मारणं सोपं जातं, हे खैरलांजी पाहिलेल्या विदर्भाला कोणी शिकवायला नको.

मग मतदार काय मेंढरू आहे? नाही. २०२४ च्या लोकसभेला '४०० पार' चा नारा होता. कर्नाटकातला त्यांचाच एक खासदार बोलून गेला की घटना बदलायला तेवढे पाहिजेत. पक्षानं हात झटकले, पण आपल्या वस्त्यांत ते वाक्य घरोघर गेलं. संविधान म्हणजे आपल्यासाठी पुस्तक नाही, माणूस असल्याचा दाखला आहे. चंद्रपुरात सुधीर मुनगंटीवार अडीच लाखांहून जास्त मतांनी पडले. आणि सहाच महिन्यांत, नोव्हेंबरात, ज्या बल्लारपूर मतदारसंघात आपलं पोंभुर्णा येतं तिथून तेच निवडून आले. मधल्या काळात 'लाडकी बहीण' आली होती, महिन्याला १,५०० रुपये. दुसरीही कारणं असतील. पण या शब्दाकडं बघा. पैसा सरकारचा, म्हणजे तुमचा आमचा. माचीस घेताना आपणही कर भरतो. पण नाव दिलं नात्याचं. नात्यात हिशेब विचारत नाहीत. बहीण झाली की ओवाळायचं. 'लाभार्थी' झालं की रांगेत उभं राहायचं. 'नागरिक' हा शब्द मी सभेत क्वचितच ऐकतो, कारण नागरिक म्हटलं की तो विचारतो, रोजगार हमीची मजुरी कुठं अडली? ते १,५०० रुपये घ्या, सोडू नका. पण ओवाळणी म्हणून नका घेऊ.

आपल्याही पुढाऱ्यांना सोडायचं नाही. स्टेजवर 'समाज, समाज' म्हणायचं आणि रात्री समाजाची मतं मोजून द्यायची, हा शब्दाचा व्यापारच आहे. दुसऱ्या गटाला 'बिकाऊ' म्हणून आपण किती तुकडे झालो? ज्याच्या तोंडी बाबासाहेब आहेत त्यालाही तेच प्रश्न विचारा जे दुसऱ्याला विचारता.

प्रश्न कोणते? पोरांनो, हे लिहून घ्या. सभेतून घरी गेल्यावर एक, त्यानं मला कोणत्या नावानं हाक मारली, आणि ते नाव मी निवडलंय काय? दोन, त्यानं मला कोणाची भीती दाखवली, आणि त्या माणसानं खरंच माझं काय नेलं? माझी मजुरी नेली, जमीन नेली, की तोही माझ्यासारखाच तेंदूच्या फळीवर पुडके मोजून घ्यायला उभा असतो? तीन, हाच पुढारी शेजारच्या टोल्यावर काय बोलला?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरी बसून मिळत नाही. त्यासाठी टोल्यावर जावं लागतं, गोंडांच्या अंगणात बसावं लागतं, ढिवरांच्या पाळीवर जावं लागतं, त्यांना आपल्या विहारात बोलवावं लागतं. पुढाऱ्याचा सारा धंदा आपण एकमेकांशी बोलत नाही यावर उभा आहे. पुढच्या सभेला प्रत्येक वस्तीतला एकेक पोरगा वही घेऊन बसवा. कोण कुठं काय बोलला ते लिहा. मग चारही वह्या एका ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. त्याला समोर बसवून वाचा.

जय भीम. जय सेवा.