बहिणीचं की बहिणींचं?

आज हिशेबाची वही जरा बाजूला ठेवू आणि टिकलीएवढ्या एका चिन्हाबद्दल बोलू. इंग्रजीत त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. दिसायला आपल्या स्वल्पविरामासारखं, पण ते खाली पायाशी नसतं, वर अक्षराच्या डोक्याशी असतं.

मागच्या दिवाळीआधी आमच्या गटानं लोणच्याच्या बरण्यांसाठी ५०० लेबलं छापून घेतली. नाव ठेवलं ‘सिस्टर्स पिकल’. प्रूफ मीच तपासलं, बीए झालेली ना मी! प्रदर्शनात एका शिक्षिकाबाईंनी बरणी हातात घेतली आणि विचारलं, “तुमच्यातली ही एक बहीण कोण?” आम्ही १० जणी एकमेकींकडे बघत राहिलो. चिन्ह ‘एस’ या अक्षराच्या आधी पडलं होतं. दहाजणींच्या कष्टाचं लोणचं कागदावर एकटीचं झालं होतं.

मराठीत हे काम एक टिंब करतं. ‘बहिणीचं लोणचं’ म्हणजे एकीचं, ‘बहिणींचं लोणचं’ म्हणजे सगळ्यांचं. इंग्रजीत मात्र बोलताना दोन्हीकडे ‘सिस्टर्स’ असंच ऐकू येतं. फरक कळतो तो लिहिल्यावरच.

मग लक्षात कसं ठेवायचं? आधी मालकाचा शब्द पूर्ण लिहा आणि त्याला लागून चिन्ह द्या. एकच बहीण असेल तर ‘सिस्टर’, मग चिन्ह, मग एस. अनेक असतील तर ‘सिस्टर्स’ हा शब्द एससकट लिहा आणि शेवटी चिन्ह. त्यापुढं काही नको.

‘विमेन’ हा शब्द मुळातच अनेकींचा आहे आणि त्याच्या शेवटी एस नाही. म्हणून ८ मार्चच्या फलकावर ‘विमेन्स डे’ लिहिताना आधी विमेन, मग चिन्ह, मग एस.

आणि मालकी सांगायची नसेल, नुसते पुष्कळ नग असतील, तर चिन्ह लागतच नाही. ‘पिकल्स’ म्हणजे फक्त लोणची. तिथं एस पुरे.

त्या रात्री आम्ही उरलेल्या लेबलांवर पेनानं चिन्ह खोडून एसच्या पुढं काढलं. आता प्रूफ दोघीजणी तपासतात. मैत्रिणींनो, सातबाऱ्यावर आपलं नाव नीट लागलंय का, ते आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. लेबलावरही तसंच बघा. माल सगळ्यांचा असेल, तर लिहितानाही तो सगळ्यांचाच राहू दे.