आधी लॉग वाचा

अँड्रॉइडची अ‍ॅप्स लिहायला लागलेल्या मुलामुलींशी आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. अ‍ॅप बंद पडलं की तुम्ही काय करता? कोडमधली एखादी ओळ बदलता आणि पुन्हा चालवता. परत पडलं की दुसरी ओळ. यात संध्याकाळ होते. अरे बाळांनो, कारण फोनने केव्हाच लिहून ठेवलेलं असतं! केबलने फोन संगणकाला जोडा, एडीबी लॉगकॅट हा आदेश चालवा आणि समोर येणारा लॉग वाचा.

"सर, ओळी इतक्या धावतात की काही दिसतच नाही." मान्य. प्रत्येक अ‍ॅप आणि खुद्द सिस्टीम, सगळे तिथेच लिहितात. पण तांदूळ निवडताना आई पोतं ओतून बसते का? ती सुपात चार मुठी घेते, पाखडते, कोंडा उडवते आणि मगच खड्यासाठी बोट फिरवते. तुम्हीही आधी सूप रिकामं करा, म्हणजे लॉगकॅटपुढे वजा सी. मग ज्या कृतीने अ‍ॅप पडतं तेवढीच करा. मग पाखडा. अवतरणचिन्हात तारा, कोलन आणि कॅपिटल ई लिहिलंत की एरर आणि त्याहून गंभीर ओळीच उरतात. मात्र जपून, जोरात पाखडलं तर कोंड्याबरोबर कणीही उडते. कधीकधी पडण्याआधीची एखादी वॉर्निंगच खरं कारण सांगते, आणि ती या चाळणीतून गळते. प्रोसेस क्रमांकाने गाळणं बरं, पण अ‍ॅप पुन्हा उघडलं की तो क्रमांक बदलतो, हे विसरू नका.

आता खडा. 'फेटल एक्सेप्शन' दिसलं की निम्मी मुलं तिथेच थांबतात. थांबू नका! खाली उतरा, अगदी शेवटच्या 'कॉज्ड बाय'पर्यंत. त्याच्याखाली आपल्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. तिथे फाइल असते, ओळीचा क्रमांक असतो. पुन्हा सांगतो, शेवटचं 'कॉज्ड बाय', पहिलं नव्हे.

आणि "जेवून आल्यावर बघू" म्हणू नका. लॉगची जागा ठरावीक असते, नव्या ओळी जुन्या पुसतात. पडलं की लगेच वजा डी लावून फाइलमध्ये उतरवून घ्या. वजा बी क्रॅश लावलंत तर पडझडीच्याच नोंदी मिळतात, त्याबद्दल खरं तर बरंच...

असो, वेळ होत आली. एक राहिलंच. पासवर्ड, ओटीपी लॉगमध्ये छापू नका. 2012च्या अँड्रॉइड 4.1पासून साधं अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपचा लॉग वाचू शकत नाही, पण यूएसबी डिबगिंगची परवानगी मिळालेल्या संगणकावर ते सगळं दिसतं.

उद्या अ‍ॅप पडलं तर कोडला हात लावण्याआधी लॉग वाचा. शेवटच्या 'कॉज्ड बाय'पर्यंत वाचा.